नववं नाव

"दारेक. पीट. हेन्क."

क्लासेन मालक एकेक नाव वाचून थांबत होते, आणि अनूक टेबलाखाली बोटांवर ती नावं मोजत होती. व्हेनलो शहरातल्या त्यांच्या गोदामात मांडण्यांमधून सायकलींचे सुटे भाग काढणारी माणसं नऊ होती. कामावरून कमी करायच्यांच्या यादीत नावं होती आठ. नववं तिच्या बापाचं, टूनचं. ते यादीतून तिनंच काढायला लावलं होतं.

अनूक यंत्रांसाठी कर्ज देणाऱ्या कंपनीत होती. धंदा वाढत असलेल्यांना गोदामासाठी रोबो घेऊन द्यायचे आणि सात वर्षांत हप्त्यांनी पैसे वसूल करायचे, हे तिचं काम. क्लासेनांचा अर्ज तिच्याकडे आला तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला हवा होता, कारण तिचा बाप तिथं तीस वर्षं कामाला होता. पण ती नवऱ्याचं आडनाव लावायची, म्हणून कंपनीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिनंही सांगितलं नाही. कागद आपल्या हातात राहिले तर बाबांना वाचवता येईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

नऊ पगार थांबले तर हप्ते सहज निघत होते. आठ थांबले तरी कसेबसे निघत होते.

"एक माणूस तुम्हाला लागेलच," ती क्लासेनांना म्हणाली होती. "यंत्र अडलं तर मांडण्या ओळखणारा."

"म्हणजे टून," क्लासेन म्हणाले. "तो तुमचा कोण लागतो ते मला ठाऊक आहे, बाई. ठेवतो त्याला. पण रोबो आणायला कामगारांची संमती लागते ना तुमच्या कंपनीला? ती त्यानं आणून द्यायची. त्याचं ऐकतात सगळे."

त्याच रविवारी ती बापाकडे जेवायला गेली. टूननं जर्दाळूचा केक आणून ठेवला होता. तो कापता कापता त्यानं विचारलं, "माणसं किती कमी होणार गं?"

"कुणीच नाही, बाबा. धंदा वाढतोय. दुसऱ्या कामाला लावतील."

"नक्की? मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय."

"नक्की."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. मोठा तुकडा तिच्या ताटलीत वाढला.

आठवडाभर टून एकेकाला गाठून बोलत राहिला. दारेकनं नुकतंच घर घेतलं होतं, पोलंडहून बायकोमुलांना आणलं होतं. तो दोन दिवस संमतीचा कागद खिशात घेऊन फिरला. बेर्टीननं तर कागद परतच केला. साठीला आलेली ही बाई टूनच्या शेजारच्या मांडणीवर काम करायची. अनूकची आई गेली तेव्हा अनूक सात वर्षांची होती. बेर्टीन तेव्हा दुपारपर्यंतच कामाला असायची; शाळा सुटली की रोज संध्याकाळपर्यंत अनूक तिच्याच घरी असे.

"कागद माझ्या पोरीनं बनवलाय," टून तिला म्हणाला. "तिनं शब्द दिलाय मला."

"अनूकनं दिलाय?" बेर्टीननं विचारलं. मग उभ्या उभ्याच सही केली.

"बेर्टीन," क्लासेनांनी आता वाचलं, आणि कागदाची घडी घातली. काचेपलीकडे नवे रोबो मांडण्या उचलून फिरत होते. आज त्यांचा पहिला दिवस, म्हणून अनूकला कंपनीतर्फे मुद्दाम बोलावलं होतं.

"माझं नाव राहिलं," टून म्हणाला.

"तुझं नाही, टून. तू आहेस इथंच. ठरलंय तसं."

आठही जणांनी टूनकडे पाहिलं. टूननं अनूककडे. ती टेबलावरच्या कपाकडे बघत राहिली. आपला बाप सगळं समजून चुकलाय, हे तिला वर न बघताही कळलं.

"कितीला विकलंस रे आम्हाला?" दारेकनं विचारलं. "की नुसत्या नोकरीवरच भागलं?"

"तू थांब," बेर्टीन त्याला म्हणाली. मग खुर्ची सरकवून टूनच्या समोर आली. "तीस वर्षं शेजारी उभी आहे मी तुझ्या. खरं सांग. तुला माहीत होतं? की तुलाही फसवलं हिनं?"

बाप काय म्हणणार ते अनूकला ठाऊक होतं. तो 'नाही' म्हणेल, आणि म्हणायलाच हवं. मग आरडाओरड होईल, कंपनीपर्यंत तक्रार जाईल, तिची नोकरीही जाईल. पण बाबा या माणसांमधून मान ताठ ठेवून बाहेर पडतील.

"माहीत होतं," टून म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मीच क्लासेनकडे जाऊन माझ्यापुरतं ठरवून आलो."

"आणि पोर?"

"तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तिच्याशीही खोटं बोललो."

पीट त्याच्या पायाजवळ थुंकला. टून तसाच उभा राहिला, हात पाठीमागे बांधून.

बेर्टीनला ते पटलं नव्हतं. ती अनूककडे वळली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहानपणी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "तू सांग, बाळा. तुझ्यावर माझा विश्वास आहे. हा म्हणतो ते खरं आहे?"

अनूकनं एकदा बापाकडे पाहिलं.

"खरं आहे, बेर्टीनमावशी," ती म्हणाली.