बैठा दगड

तिसरी गोळीही माशाच्या घशात गेली. शिंप्याने ती बोटाने आणखी खोल ढकलली आणि झुडपाआडून इकडेतिकडे पाहिलं. चिटपाखरूही नव्हतं. दुकानातून आणलेल्या शिशाच्या गोल गोळ्या, बोराएवढ्या. सगळ्या मावल्या. मावणारच! अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणारा हा मासा वाटेत काही खातच नाही. नाकासमोर चमकता पत्रा नाचवत राहायचं, की कधीतरी चिडून तो गळ धरतो. पोट रिकामंच.

हा उद्योग कशासाठी? तर एका दगडासाठी. डोहाकाठी पाठ टेकून बसता येईल असा दगड एकच. स्पर्धेत ज्याचा मासा सगळ्यांत जड, त्याने किंवा त्याच्या घरच्याने हंगामभर तिथे बसायचं. बाकीच्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. शिंप्याच्या वडिलांना आता उभं राहवत नव्हतं. पुढचा हंगाम ते बघतील, असं डॉक्टरही म्हणत नव्हते.

पण दगडावर डोळा प्लंबरचाही होता. शिंप्याचा जुना दोस्त. जन्मभर लोकांच्या मोऱ्यांत रांगून गुडघ्यांची पार वाट लागलेली. "यंदा दगड नाही मिळाला, तर गळ खुंटीला टांगणार," असं परवाच म्हणाला होता. आणि त्याच्याच तोंडचा घास आपण पळवतोय! शिंप्याला स्वतःची लाज वाटली. गोळ्या मात्र त्याने काढल्या नाहीत.

काठावर प्लंबर गुडघे चोळत बसला होता. शेजारी त्याचा मासा, आणि गळाला वजन म्हणून त्याने घरीच ओतलेलं शिसं. जुने पाइप वितळवून तो खारकेसारखे लांबट तुकडे ओतायचा, प्रत्येकाला वर खाच पाडायचा. दुकानातलं शिसं म्हणजे पोरखेळ, असं त्याचं मत.

"माझा मासा सांभाळ रे जरा," शिंपी म्हणाला. "बाबांना गाडीतून उतरवून आणतो."

"काका आलेत?" प्लंबरने मान वळवून पाहिलं. "आण, आण. सावकाश आण."

आधी प्लंबरचा मासा तोलला, मग शिंप्याचा. काटा एवढा पुढे गेला की शिंप्याचीच पाचावर धारण बसली. अरे देवा, अति तर नाही झालं? पण टाळ्या पडल्या. बाबा दगडावर बसले, पाठ टेकली, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"तुझा दोस्त कुठे रे? त्याचे गुडघे दुखतात ना?"

शिंप्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

तेवढ्यात प्लंबरच आला. "दे तो मासा, साफ करून देतो."

"नको."

"अरे, तुझे हात सुईदोऱ्याचे. दे म्हणतो ना!" त्याने शेपूट धरलीसुद्धा.

शिंप्याने मासा छातीशी कवटाळला. "घरी करीन म्हटलं ना!"

प्लंबरचं तोंड गोरंमोरं झालं. "बरं बाबा," म्हणत तो लंगडत निघून गेला.

याला संशय आलाय. चोराच्या मनात चांदणं!

घरी मोरीचं दार लावून शिंप्याने मासा चिरला. तिन्ही गोळ्या काढल्या, धुतल्या, खिशात टाकल्या. त्याला रडू आलं. उद्या जायचं, दोस्ताचे पाय धरायचे, सगळं कबूल करायचं. मग दोस्ती राहो न राहो.

पोट धुवायला त्याने पुन्हा बोटं घातली. आत अजून काहीतरी होतं. त्याने ते ओढून काढलं आणि दिव्याखाली धरलं. खारकेसारखं लांबट, आणि वर खाच.