सुतकातली लेव्हल

सासऱ्यांना जाऊन तीन दिवस झाले होते. घरात सुतक, त्यामुळे आमच्यापैकी कुणी देव्हाऱ्याला शिवायचं नाही. माझा रोजचा दिवा चुकू नये म्हणून शेजारच्या यशोदाकाकी येऊन लावून जात. मी देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचे.

या दिव्यावर माझे यजमान अकरा वर्षं हसत आलेत. "एक दिवस दिवा राहिला, तर देव तुझी लेव्हल उतरवतो काय गो?"

त्या दुपारी त्यांनी मला मागच्या पडवीत बोलावलं. पुढे पाहुणे बसलेले. बाप जाऊन तिसऱ्याच दिवशी मुलाने बंदुकांचा गेम खेळणं बरं दिसलं नसतं. त्यांनी गुपचूप माझ्या हातात फोन दिला.

"काकींच्या क्षमाकडे दे. रोज एक मॅच खेळ म्हणावं. हरली तरी चालेल, पॉइंट मिळतात. पण एक दिवस जरी चुकला, तर दोनशे दिवसांची स्ट्रीक तुटते. नव्वदाव्या लेव्हलला तीनच बाकी आहेत."

"सुतकात?"

"म्हणून तर परक्या घरी देतोय."

हरलं तरी माणूस वरच चढतो, असला तो खेळ. मी मान डोलावली आणि फोन यशोदाकाकींच्या हातात दिला.

संध्याकाळी यजमानांनी पाहुण्यांतून उठून येऊन विचारलं, "खेळली क्षमा?"

"क्षमाकडे नाही दिला," मी हळूच म्हटलं. "काकींनी आपल्याच देव्हाऱ्यात ठेवलाय, दिव्याशेजारी. बाराव्याला सुतक फिटलं की घ्या."