लोकरीचा एकच गुंडा

गेल्या वर्षी अंबरनाथच्या घराच्या चार पायऱ्या चढतानाही कुंदाबाईंना धाप लागायची. सारा दिवस त्या विणत बसायच्या. डॉक्टरांनी बजावलं, "चालायला लागा." तेव्हापासून त्या रोज उल्हासनगरच्या कॅम्पात चालत जाऊन सिंधी दुकानदाराकडून लोकरीचा एकच गुंडा आणत. बायकोची ही दगदग श्यामकांतांना बघवेना. एका रविवारी त्यांनी टांग्यातून वीस गुंडे एकदम आणून पुढ्यात ठेवले. "आता बसून वीण." दुसऱ्या दिवशी उजाडताच कुंदाबाई गाठोडं बांधून निघाल्या. श्यामकांत मागोमाग धावले. "अगं, कुठे?" "परत ठेवायला. लोकर घरात असली की माझं बूड हलत नाही. दुकानातच राहू द्या, रोज एक आणीन." श्यामकांतांनी खजील होऊन गाठोडं खांद्यावर घेतलं. रेल्वेच्या फाटकापर्यंत येईतो त्यांनाच धाप लागली. कुंदाबाईंनी गाठोडं आपल्याकडे घेतलं आणि चाल जरा हळू केली.