चौथी खुर्ची

फेसबुकवर पोकरचा खेळ आला, तसा सक्करदऱ्यातल्या चार म्हाताऱ्यांचा तलावाकाठचा पत्त्यांचा अड्डा मोबाईलवर गेला. आता खेळायचं ज्याने त्याने आपापल्या घरून, पण टेबल चौघांचं एकच.

त्या चौघांतले गोपाळराव वारले. घाटावरून परतताना वामनजी म्हणाले, "तेरवी होईपर्यंत कोणी पत्त्याले हात नाही लावायचा गा." डोमाजी आणि उत्तमराव, दोघांनीही मान हलवली.

त्याच संध्याकाळी डोमाजींना घर खायला उठलं. खेळायचं नव्हतंच; गोपाळरावांची रिकामी खुर्ची तेवढी पाहावी, म्हणून त्यांनी मोबाईलवर ते टेबल उघडलं.



वामनजी आणि उत्तमराव आधीच बसले होते, आणि गोपाळरावांच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस त्या दोघांना चॅटवर विचारत होता, "तुमचा चौथा काहून नाही आला अजून?"