मेलेलं झाड दाखवा

कुंडीत अडेनियमची झाडं वाढवणाऱ्यांच्या ‘अडेनियमप्रेमी’ या ऑनलाइन गटात नवा माणूस आला, की त्यानं आधी आपल्या हातून मेलेल्या झाडाचा फोटो टाकायचा, असा शिरस्ता होता. यंत्रं माणसांच्या नावानं गटांत शिरतात हे कळल्यावर गटप्रमुख हेमलताबाईंनीच तो पाडला. खोटा फोटो टाकायला यंत्रांना कायद्यानं बंदी होती, आणि खरं मेलेलं झाड त्यांच्याकडे कुठून येणार? जुन्या मंडळींना मात्र माफी होती.

नवीन आलेल्या इरावती बोंद्रेनं कुजलेल्या बुंध्याचा फोटो टाकला. “पाणी जास्त झालं, ताई.”

“कुंडी भलतीच स्वच्छ दिसते,” बाईंनी खवचटपणे लिहिलं. “आमच्या जुन्यांना असली नाटकं लगेच कळतात.”

“मग त्यांचीही मेलेली झाडं बघू द्या ना. शिकायला मिळेल.”

“बघच! टाका रे सगळ्यांनी,” म्हणत बाईंनी स्वतःच्या वाळक्या खोडाचा फोटो टाकला.

धडाधड उत्तरं आली. दाबकेकाका, शैलाताई, सगळ्यांचं एकच: “आमचं एकही झाड कधी मेलं नाही.”

बाईंनी दाबकेकाकांचं उत्तर पुन्हा वाचलं. नवरा गेला तेव्हा याच दाबकेकाकांनी त्यांना धीर दिला होता.

तेवढ्यात इरावतीचा खासगी मेसेज आला. “ताई, तुम्ही तरी खऱ्या आहात ना?”