शेवटचा बुडबुडा

बाबांची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय थांबत नसे, म्हणून जीव तुटत असूनही नातीला त्यांनी शेजारी बसवलं नव्हतं. आज लेकीने पोरगी झोपल्याचं पाहून ब्रेकचा नवा मास्टर सिलिंडर बसवला आणि ती चाकाशी आडवी झाली. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला तिथून एक नळी पोरीच्या दुधाच्या जुन्या बाटलीतल्या तेलात सोडली. “दाबा, बाबा. धरून ठेवा.” बाटलीत बुडबुडे आले. “झालं की गं! पाय भरून आला.” “ढेकर काढल्याशिवाय तुमची नात झोपायची का? हिच्याही पोटातली हवा निघू द्या. दाबा.” शेवटचा बुडबुडा फुटला. तिने नट आवळला, गल्लीत स्वतः चक्कर मारली आणि किल्ली बाबांना दिली. फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला, सवयीने पुन्हा दाबायला पाय उचलला आणि तसाच धरला. गाडी केव्हाच थांबली होती. “उठव पोरीला!” बाबा ओरडले.