निरोगी श्वासाचा नमुना

दोन हजार सात साली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सोनमनं कॉम्प्युटरला श्वास ओळखायला शिकवलं. एका निरोगी माणसाच्या छातीचा आवाज त्याला महिनाभर ऐकवला. त्याच्याशी जुळला तर ‘निरोगी’, नाही जुळला तर ‘आजारी’.

पहिली चाचणी शाहूपुरीतल्या डॉक्टरांसमोर होती. तालमीतनं थेट आलेला तिचा चुलतभाऊ प्रसेनजीत पाठीला माइक लावून बसला. पडद्यावर आलं, ‘आजारी’.

“आयला, मला काय झालंय?” त्याचं तोंडच उतरलं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बघितला. छाती एकदम स्वच्छ होती.

मग लोखंड ओतायच्या फौंड्रीत काम करणारे शेजारचे गुंडूकाका बसले. खोकल्यानं त्यांना धड बोलता येत नव्हतं. पडद्यावर आलं, ‘निरोगी’.

“मशीन उलटं शिकलंय की गं तुझं!” प्रसेनजीत खो खो हसत सुटला. सोनम रडकुंडीला आली. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

“निरोगी म्हणून ह्याला कुणाचा श्वास ऐकवलास?”

“आमच्या पप्पांचा, सर. गुंडूकाकांच्या जोडीनंच धुरळ्यात साच्याची वाळू चाळतात, पण आजपतोर एक खाडा न्हाय. त्यांच्याएवढं ठणठणीत आख्ख्या गल्लीत कोण न्हाय.”

गुंडूकाकांनी मान खाली घातली. डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

“आत्ता कुठं आहेत ते?”

 

“फौंड्रीत, सर. आज डबल ड्युटी हाय त्यांची.”